आईच्या वहीतला भारोभार केक : अण्णांच्या पंचाहत्तरीसाठी मदत हवी आहे

सायसाखर

येत्या १८ मेला माझ्या वडिलांना ७५ वर्षं पूर्ण होतायत. सांगलीला घरच्या घरीच कार्यक्रम आहे. कणकेच्या ७५ दिव्यांनी औक्षण आणि मग जेवण. केक मात्र विकतचा आणायचा नाही असं मी ठरवलंय. आई दर वाढदिवसाला जो करायची तोच करायचाय.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या वहीत केकची कृती आहे, पण ती एवढीच :

"अंडी ४. लोणी, साखर, मैदा अंड्यांच्या भारोभार. बे. पा. २ चमचे. जायफळ. लोणी-साखर पांढरी होईतो फेसणे. मंद."

पुढे काही नाही. ती कशी करायची ते मला अंधुक आठवतं. घरात छोटा तराजू होता. एका पारड्यात चार अंडी कवचासकट ठेवायची आणि दुसऱ्यात लोणी. पारडी समान झाली की लोणी काढून त्या जागी साखर, मग मैदा. वजनं वापरायचीच नाहीत. अंडी सगळ्यात शेवटी फोडायची, कारण तोवर तीच मापं. केक व्हायचा तो अ‍ॅल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये. झाकणाला काचेची गोल खिडकी होती आणि आम्ही दोघी बहिणी आळीपाळीने तिला डोळा लावून बसायचो. तो ओव्हन अजून माळ्यावर आहे, पण कॉइल गेली आहे.

मी ठाण्याला राहते. माझ्याकडे २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे. परवा पहिल्यांदा करून पाहिला. चार अंडी काट्यावर ठेवली, २१६ ग्रॅम भरली. तेवढंच अमूल बटर, तेवढीच पिठीसाखर, तेवढाच मैदा. बेकिंग पावडर दोन चमचे. आठ इंची गोल भांडं, २०० डिग्री. वीस मिनिटांत टम्म फुगला, वर मधोमध चीर गेली, आणि बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत मध्ये खड्डा पडला. चव तुरट, जिभेवर खार राहिल्यासारखी. तळाला बोटभर जाडीचा गिच्च थर.

काय काय चुकलं ते सांगाल का? अजून पाच आठवडे आहेत.

कोयनाकाठ

कोणता चमचा घेतलात? चहाचा की पोह्याचा?

सायसाखर

पोह्याचा. आईच्या स्वयंपाकघरात चमचा म्हणजे तोच असायचा, म्हणून. आणि बऱ्यापैकी भरून घेतला.

प्रयोगवही

मग खड्ड्याचं कारण सापडलं. बेकिंग पावडर मोजायचा टीस्पून म्हणजे ५ मिली, तोही सपाट. पोह्याचा चमचा त्याच्या साधारण दुप्पट, वर शीग. म्हणजे तुमची पावडर गरजेच्या दुपटीहून जास्त पडली. मी कपभर मैद्याला (साधारण १२० ग्रॅम) एक ते सव्वा टीस्पून धरतो. तुमच्या २१६ ग्रॅमला दोन सपाट टीस्पून पुरेत.

जास्त पावडरीने केक जास्त हलका व्हायला हवा असं वाटतं, होतं उलटं. पावडर केकमध्ये नवे बुडबुडे तयार करत नाही. लोणी-साखर फेसताना आणि अंडी फेटताना जे बारीक बुडबुडे मिश्रणात अडकतात, त्यांनाच ती फुगवते. मैद्यातला स्टार्च आणि अंड्यातली प्रथिनं शिजून घट्ट व्हायच्या आधीच बुडबुडे फार मोठे झाले तर त्यांच्या भिंती फुटतात, दोनाचा एक होऊन आणखी मोठे होतात आणि सगळा डोलारा खाली बसतो. पावडरीचे न संपलेले क्षार चवीला लागतात ते वेगळंच.

चीर गेली ती २०० डिग्रीमुळे. कडा आणि वरची साल आधी शिजून कडक झाली आणि आतलं मिश्रण फुगायला जागा शोधत मधून वर आलं. चार अंड्यांचा केक एकाच खोल भांड्यात करायचा तर १६० डिग्री आणि ५० ते ५५ मिनिटं. आईंनी "मंद" लिहिलंय ते अगदी बरोबर आहे.

खालच्या गिच्च थराबद्दल एक विचारतो. बटर कसं होतं? आणि फेसलंत कशाने, किती वेळ?

सायसाखर

बटर सकाळीच बाहेर काढून ठेवलं होतं. एप्रिलच्या ठाण्यात दुपारपर्यंत ते कडेने वितळलं होतं. मिक्सरच्या भांड्यात पिठीसाखर घालून दोनदा फिरवलं, मिनिटभर. मग फ्रिजमधली अंडी एकदम घातली. मिश्रण फाटल्यासारखं झालं, पण मैदा घातल्यावर जमून आलं असं वाटलं.

भट्टीकर

ताई, नमस्कार. कोल्हापूरकडे आमची बेकरी आहे, तिसरी पिढी. तुमचा तळाचा थर इथेच तयार झाला.

वितळलेल्या लोण्यात हवा धरत नाही. लोणी असं हवं की बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. एप्रिल-मेमध्ये ते सकाळी काढून ठेवायचंच नाही. फ्रिजमधून काढून तुकडे करा, पंधरा-वीस मिनिटांत कामाला लागा. फेसताना पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा. फेसायला मिक्सरचं भांडं नको, त्याचं पातं लोणी कापतं आणि तापवतं. हँड बीटर किंवा लाकडी चमचा. बीटरने सात-आठ मिनिटं, हाताने वीस. रंग पिवळ्याचा फिकट सायीसारखा होतो आणि पातेल्यात मिश्रण वर चढलेलं दिसतं. आईंनी "पांढरी होईतो" लिहिलंय ना, तीच खूण.

पिठीसाखरही अगदी भुकटी नको. साखरेच्या कणांच्या कडा लोण्यात शिरून हवेला जागा करतात. आपली साखर मोठ्या दाण्याची, ती तशीच घातली तर विरघळत नाही, आणि विकतची पिठीसाखर फार बारीक. घरीच मिक्सरला एक-दोन झटके देऊन बारीक रव्याएवढी करा.

अंडी फ्रिजमधून दोन तास आधी काढा. विसरलात तर कोमट पाण्यात दहा मिनिटं. फोडून एका वाटीत हलकी फेटा आणि थोडी थोडी घाला, प्रत्येक वेळी पूर्ण मिसळल्यावरच पुढची. फाटायला लागलं तर एक चमचा मैदा घालून सावरा. मैदा शेवटी, पावडरीबरोबर तीनदा चाळून, चमच्याने खालून वर घेत. बीटर तेव्हा बंद. मैदा दिसेनासा झाला की थांबायचं, नाहीतर चिवट होतो. मिश्रण पळीतून थबकन पडलं पाहिजे. नाही पडलं तर दोन चमचे दूध.

एक आणखी. लोक याला स्पंज म्हणतात, पण बेकरीत आम्ही ज्याला स्पंज म्हणतो तो वेगळा. त्यात अंडी आणि साखर कोमट पाण्यावर ठेवून फेटतात. ४ अंडी, १२० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम मैदा, लोणी असलं तर ३०-४० ग्रॅम, तेही वितळवून शेवटी. पावडर लागत नाही, सगळी हवा अंड्याची. बीटर उचलल्यावर पडणारी धार वरच्या वर दोन-तीन सेकंद दिसत राहिली की अंडी झाली समजायचं. तो कोरडा असतो म्हणून साखरेच्या पाकाने भिजवतात आणि थरांमध्ये क्रीम भरतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी केक जेल घालतात, त्याने पंधरा मिनिटांचं काम पाचात होतं. चव मात्र अंड्याचीच चांगली.

तुमच्या आईंचा केक लोण्याचा आहे. तो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो आणि प्रवासाला टिकतो. ठाण्याहून सांगलीला न्यायचा असेल तर देवाने तुम्हाला योग्य कृती दिली आहे.

कढीलिंब

फार सुंदर माहिती. वाचनखूण साठवली.

मोगरा_पणजी

भारोभार! किती छान शब्द आहे. फ्रेंच लोक या केकला 'कात्र कार' म्हणतात, चार चतुर्थांश, कारण चारही जिन्नस सारखे. इंग्रजांचा पाउंड केक म्हणजे प्रत्येक जिन्नस एक पौंड. व्हिक्टोरिया स्पंजही याच हिशेबाचा, तिथेही जुन्या बायका अंडी कवचासकट तोलायच्या. सांगलीतल्या एका घरात तीच पद्धत तराजूवर चालत होती हे वाचून अंगावर काटा आला.

बेकिंग पावडर मुळात बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डने १८४३ मध्ये तयार केली. त्याच्या बायकोला यीस्ट आणि अंडी दोन्ही सोसत नसत, म्हणून. त्याआधी पाउंड केकमध्ये नुसत्या फेटण्यावर भिस्त असे.

आमच्याकडे गोव्यात वाढदिवसाला आणि नाताळाला बाथ करतात, रवा आणि नारळाचा. त्याचं मिश्रण रात्रभर भिजवून ठेवायचं म्हणजे रवा फुलतो. माझी सासू तो चुलीवर करायची, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. वरचे निखारे खालच्यापेक्षा जास्त हवेत असं तिचं सांगणं असे.

तात्पुरता

माझ्याकडे ओव्हनच नाही. मुलीचा पहिला वाढदिवस आहे. हाच केक कुकरमध्ये होईल का?

कोयनाकाठ

होतो, मी अनेक वर्षं करतेय. कुकरच्या झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही आठवणीने काढा. वाफ कोंडली जाता कामा नये. पाणी अजिबात नाही. तळाला दीड-दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा उलटी ताटली. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग केकचं भांडं ठेवून आच अगदी बारीक. दोन अंड्यांचा केक सहा इंची भांड्यात ४० मिनिटांच्या आसपास होतो. भांडं कुकरच्या भिंतीला टेकू देऊ नका, टेकेल तिथे करपतो. वरून रंग येत नाही, पांढराच राहतो, पण शिजतो छान. ते मीठ पुन्हा पुन्हा याच कामाला वापरता येतं, जेवणात मात्र नाही.

डेन्व्हरकर

उंचावर राहणाऱ्यांसाठी एक सूचना. आमचं गाव समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे तेवढ्याच पावडरीने केक जास्त फुगतो आणि बसतो. इथे आल्यावर पहिले दोन वाढदिवस आम्ही खड्डा पडलेल्या केकवर साजरे केले. आता दोन टीस्पूनऐवजी सव्वा घेतो, दूध तीन-चार चमचे जास्त, आणि ओव्हन १० डिग्री वर. पाचगणी-महाबळेश्वरच्या मंडळींनीही थोडी पावडर कमी करून पाहावी.

सायसाखर

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दुसरा प्रयोग केला.

भट्टीकर दादा, पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून बीटरने आठ मिनिटं फेसलं. पाचव्या मिनिटापर्यंत वाटत होतं काही होत नाहीये. मग एकाएकी रंग पालटला आणि बीटरचा आवाजही बदलला, आधी कडक घरघर होती ती मऊ झाली. साखर रव्याएवढीच ठेवली होती. अंडी सहा वेळा मिळून घातली, एकदाही फाटलं नाही. १६० डिग्री, खालचा कप्पा, दोन्ही रॉड. ५२ मिनिटांनी विणायची सुई खुपसली, कोरडी आली. कडा भांड्यापासून सुटलेल्या.

वर थोडा घुमट आला, पण चीर नाही आणि खड्डा नाही. कापल्यावर तळापासून वरपर्यंत एकसारखी जाळी. मुलाने तीन तुकडे खाल्ले.

तरीही तो आईचा केक नाही. गोड आहे, मऊ आहे, जायफळ आहे. आईच्या केकला मागून एक वेगळी चव यायची, किंचित आंबूस म्हणावी अशी. तिने लिंबाची साल घातली असेल का? मी दही घालून पाहू का?

प्रयोगवही

दही घालायचं तर सोड्याचा हिशेब बदलतो. पावडरीत सोडा आणि आम्ल दोन्ही असतात, तिला बाहेरून आंबट लागत नाही. दही घातलं तर जोडीला चिमूटभर सोडा लागेल, आणि मग ती वहीतली कृती राहणार नाही. वहीत नाही तर बहुधा दही नसावंच.

घुमटासाठी एक उपाय : जुन्या पंचाच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापा, ओल्या करून पिळा आणि भांड्याला बाहेरून गुंडाळून पिन लावा. कडा उशिरा शिजतात आणि केक सपाट राहतो. पट्टी रॉडला लागणार नाही एवढं बघा.

माईआजी

सायसाखर, मी तुझ्या आईच्याच वयाची असेन. तो गोल ओव्हन माझ्याकडेही होता. त्याला तापमानाचं बटण नसायचं. वर रंग यायला लागला की मी प्लग काढायची, दहा मिनिटांनी पुन्हा लावायची. "मंद" म्हणजे ते असणार. केक चालू असताना लाईट गेले तर झाकण उघडायचं नाही, तसाच ठेवायचा. आतल्या उष्णतेवर बराच शिजतो.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. वही पुन्हा नीट वाच. तिने लोणी लिहिलंय, बटर नाही लिहिलं. आमच्या पिढीत दोन्ही शब्द होते आणि दोन्ही वस्तू वेगळ्या होत्या. पिवळं, खारं, पुड्यातलं ते बटर. घरी सायीला विरजण लावून घुसळून काढलेलं ते लोणी. मी स्वतः केकला कायम घरचंच लोणी घेतलं, महिनाअखेरीला पुड्याचं परवडायचं नाही. त्या लोण्याला विरजणाचा वास असतो आणि तो भाजल्यावरही पूर्ण जात नाही. तुझी आंबूस चव तीच असेल.

मी ते पाटावर बसून, परातीत, हाताने फेसायची. तळव्याने गोल गोल, नानकटाईचं तूप फेसतात तसं. दिवाळीला आम्ही नानकटाईचं सगळं सामान डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर भाजायला न्यायचो, तिथेच शिकले.

सायसाखर

माईआजी, तुमचं वाचलं आणि लगेच अण्णांना फोन केला. विचारलं, आई केकला कोणतं लोणी घ्यायची? ते म्हणाले, मला लोण्याचं काही ठाऊक नाही, पण केकच्या दिवशी जेवायला ताक असायचं.

मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. ताक असायचं म्हणजे सकाळी घुसळलेलं असायचं. इतकी वर्षं ते ताक आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

आजपासून साय साठवायला घेतली आहे.

माईआजी

शाब्बास. आठ दिवसांची साय झाली की विरजण लाव. फार दिवस ठेवू नकोस, उग्र होते.

भट्टीकर

माईंनी लाख मोलाचं सांगितलं. ताई, घरच्या लोण्यात पाणी आणि ताकाचा अंश जास्त असतो. पुड्यातल्या बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश असतो, घरच्यात तेवढा भरवसा नाही. म्हणून लोणी काढल्यावर बर्फाच्या पाण्यात तीन-चारदा धुवा, मग पातळ फडक्यात घेऊन हाताने दाबून पाणी काढा. मगच तोला. फार धुतलंत तर तुम्हाला हवी ती चवही जाईल, म्हणून पाणी नितळ झालं की थांबा. दूध अजिबात घालू नका. आणि बटरमधलं मीठ यात नाही, तर पाव टीस्पून मीठ घाला.

कढीलिंब

एक शंका. वर आयसिंग काय करणार? मेमध्ये सांगलीत क्रीम टिकेल का? आणि मेणबत्त्या? आमच्या घरात फुंकर मारून विझवायचं मोठ्यांना आवडत नाही, त्यावरून दरवर्षी थोडं होतं.

भट्टीकर

क्रीम नको. एक तर दुकानात मिळणारं साधं फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचं, ते फेटून उभं राहत नाही, किमान ३५ टक्क्यांचं लागतं. ते मिळालं तरी सात-आठ तासांच्या प्रवासात उन्हाळ्यात तग धरणार नाही. बटर आयसिंगही गाडीत ओघळेल.

सायसाखर

आई वर काहीच लावायची नाही. मधून आडवा कापून आंब्याचा मुरांबा भरायची आणि वर पिठीसाखर भुरभुरायची. तेच करणार. मेणबत्त्या नाहीत, ७५ दिवे असताना त्यांची गरजच नाही. आमच्यात दिवे विझवत नाहीत, आपोआप शांत होऊ देतात.

आत्या अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा छोटा करायचाय. कोणी खात्रीची कृती द्याल?

कोयनाकाठ

घ्या, कधीच फसलेली नाही. १ कप ताजं दही, पाऊण कप साखर, एकत्र फेटून साखर विरघळवा. त्यात १¼ टीस्पून बेकिंग पावडर आणि अर्धा टीस्पून सोडा घालून पाच मिनिटं बाजूला ठेवा, फेस वर येतो. मग अर्धा कप तेल, व्हॅनिला, आणि दीड कप मैदा तीन वेळा मिळून चाळून. लगेच भांड्यात ओता, सोड्याचं मिश्रण थांबत नाही. सात इंची भांडं, १८० डिग्री, ३५ ते ४० मिनिटं. कप २४० मिलीचा. आत्यांच्यासाठी भांडी, बीटर सगळं आधी वापरा, मग अंड्याचा करा, म्हणजे त्यांच्या मनाला समाधान.

सायसाखर

सांगलीहून लिहितेय, १९ मे, सकाळ.

१६ तारखेला रात्री लोणी काढलं. आठ दिवसांच्या सायीचं साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास निघालं. तीनदा धुतलं, फडक्यात दाबलं. १७ ला पहाटे पाचला उठले, तेव्हाच काय ती हवा गार होती. आधी आत्यांचा केक, मग हा.

तराजू मी मुद्दाम मागच्या फेरीत सांगलीहून आणला होता. काटा बाजूला ठेवला आणि अंडी पारड्यात ठेवली. लोण्याचा शेवटचा गोळा लावताना पारडं हळूच वर येतं आणि दोन्ही दांड्या सरळ होतात, तो क्षण मी विसरले होते. एक चिमूट जास्त झालं की लगेच झुकतं. आई बोटाने तो जास्तीचा कण काढून आम्हाला द्यायची, तेही तेव्हाच आठवलं.

पांढऱ्या लोण्याचं फेसणं वेगळं आहे. ते आधीच पांढरं, रंगावरून कळत नाही. साखर टोचेनाशी झाली आणि मिश्रण परातीवरून घसरायला लागलं तेव्हा थांबले, हातानेच बारा-तेरा मिनिटं. ओव्हनला ५६ मिनिटं लागली, बटरच्या केकपेक्षा चार जास्त. पंचाच्या ओल्या पट्ट्यांमुळे वर अगदी सपाट. भाजताना घरभर जो वास सुटला तो ओळखीचा होता. मी बहिणीला व्हिडिओ कॉल केला, पण वास काही तिच्यापर्यंत पोचवता येईना, तेवढीच रुखरुख.

पूर्ण गार झाल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. गाडीत पायाशी ठेवला, सीटवर ऊन येतं म्हणून. मुरांबा इथे आल्यावर भरला.

औक्षण झालं, दिवे ताटात जळत होते, आणि अण्णांनी केक कापला. पहिला तुकडा तोंडात घालून सावकाश चावला. मग म्हणाले, "ताक कुठंय?"

ताक होतं. मी बरणीतून बरोबर आणलं होतं, त्याच लोण्याचं. आत्यांनीही त्यांचा केक आवडीने खाल्ला.

माईआजी, तुम्ही नसता तर मी लिंबाची साल किसत बसले असते. भट्टीकर दादा, प्रयोगवही, कोयनाकाठ, सगळ्यांना सांगलीहून नमस्कार. त्या ओव्हनची कॉइल बदलून देणारा एक कारागीर गावभागात सापडलाय, आज नेऊन देते.

माईआजी

वाचून डोळे भरून आले गं. अण्णांना माझा नमस्कार सांग.

प्रयोगवही

५६ मिनिटं लागली ती लोण्यातल्या जास्तीच्या पाण्यामुळे. वहीत लिहून ठेवा, पुढच्याला उपयोग होईल.

तात्पुरता

सायसाखर ताई, अभिनंदन! मुलीच्या वाढदिवसाला कुकरमध्ये दोन अंड्यांचा केला, छान झाला, वर केळ्याच्या चकत्या लावल्या. आता ऑफिसच्या लोकांसाठी मोठा करायचाय. भांड्याप्रमाणे अंडी किती घ्यायची हे कसं ठरवायचं?

भट्टीकर

व्यासाचा वर्ग करा आणि आठ इंचीशी तुलना करा. आठ इंचीला ४ अंडी, म्हणजे ६४ ला ४. सहा इंची म्हणजे ३६, दोन अंडी आणि थोडं उरतं, म्हणून दोन. सात इंची ४९, तीन. दहा इंची १००, सहा अंडी. बाकी सगळं अंड्यांच्या भारोभार, पावडर प्रत्येक अंड्याला अर्धा टीस्पून. सहा अंड्यांचा कुकरमध्ये करू नका, मधला शिजेपर्यंत कडा वाळतात. तीन-तीनचे दोन करा आणि एकावर एक ठेवा.